बटणाची खूण

मैदा किती, हे रिबकाच्या वहीत किलोत नाही.
वहीत एवढंच : 'निळ्या डब्यानं तीन.
तूप हाताला कळेल तेवढं.'
मी बियाण्याच्या गोदामात एकतीस वर्षं काटा सांभाळला,
सरकीची पिशवी असो की बाजरीची,
फरक पडू दिला नाही.
आणि निळा डबा कोणता, ते मला ठाऊक नाही.

घरात निळे डबे तीन निघाले.
एकात दोरे. एकात लाइट बिलं, २००४ पासूनची.
तिसऱ्याच्या तळाशी काहीतरी बसलेलं,
नखानं खरवडलं तर पांढरं.
तोच असणार.

चाळीस दिवस चहाही बिनसाखरेचा,
आणि शनिवारी दुपारी मांडीवर परात,
परातीत पिठीसाखर.
उद्या पहाटेची उपासना झाल्याशिवाय
बोट चाटायचं नाही, हा तिचा कायदा.
तूप हाताला काहीच सांगत नव्हतं.
हात काटेवाल्याचा. पीठ मऊ पडलं, ओघळलं,
रवा टाकला, कोरडं झालं, पुन्हा तूप.
शेजारच्या मंदाताई डोकावून म्हणाल्या,
आवं, पाडव्याची गाठी उरलीय, ती न्या की,
कशाला जिवाला तरास करून घेता.

कुंडलिकेचा पूल. पाण्याच्या जागी शेवाळ नि पिशव्या.
डोक्यावर टॉवेल, टॉवेलावर पत्र्याचा ट्रे,
ऊन असं की वाटेतच भाजून निघाव्यात.
भट्टीवर माझ्यापुढे अकरा ट्रे.
निम्मे आमच्या लोकांचे,
निम्मे ईदची घाई झालेल्यांचे.

हशमतभाईंनी पिठाला बोट लावलं,
बोट तोंडाकडे गेलं, अर्ध्यात थांबलं.
'रोजा है, शांतवनभाऊ. तुम चख लो.'
म्हटलं, माझाही उपास आहे.
दोघं ट्रेकडे बघत उभे.
वेलदोड्याचा वास सुटलेला, भट्टी धगधगलेली,
आणि चव घ्यायला माणूस नाही.

मग त्यांनी नातवाला हाक मारली.
झैद, वय सात. त्याचा रोजा
दुपारच्या जेवणानंतर सुरू होतो
आणि बिस्किट दिसलं की सुटतो.
त्यानं चिमूट घेतली, डोळे मिटले,
मोठ्या माणसासारखं थुंकी गिळून म्हणाला,
'नमक कम है. वो नानी डालती थी.'

मीठ. वहीत मीठ नव्हतं.
वहीत जे सगळ्यांना माहीत, ते ती लिहीत नसे.
सगळ्यांत मी धरलेलो असणार.

चिमूटभर मीठ भट्टीवरच मिळालं.
पुन्हा मळलं, पुन्हा गोळे, चपटे केले.
'निशानी?' हशमतभाई म्हणाले.
कारण आत सगळे ट्रे सारखे,
कुणाचा काट्याचमच्याचा ठसा, कुणाचं अंगुस्तान,
खरातांच्या घरचा एक बदाम, तोही अर्धा.
'भाबी तो गुंडी दबाती थी.
बड़ी वाली. चार सूराख की.'

गोदामाच्या खाकी कोटाचं दुसरं बटण
मला निवृत्तीपर्यंत सापडलं नव्हतं.
साहेब दोनदा बोलले होते त्यावरून.

शर्टाच्या बाहीचं तोडलं. लहान आहे,
पण भोकं चार.
एकेका गोळ्यावर दाबत गेलो.
पहिले पाच वाकडे आले.

पाऊण तासानं ट्रे बाहेर आला,
कडा जरा जास्तच लाल.
हशमतभाईंनी एक उचलून मोडली,
चवीऐवजी कानाशी धरली :
'हौ. बराबर टूटी.'
मोडलेली परत कागदावर ठेवली,
शेजारी आणखी तीन, मगरीबसाठी.
झैद मोडलेलीकडे बघत होता. दिली.

परतताना पुलावर वारा नव्हता,
तरी उजवी बाही फडफडत होती.
ट्रे दोन्ही हातांत, सावरता येईना.
उद्या देवळातही असाच जाईन,
दुसरं बटण शोधायला तो दोऱ्यांचा डबा
उघडावा लागेल, आणि तो
आज पुन्हा उघडायचा नाही.

हे बटण खिशात आहे.
दोनदा पुसलं. तूप जात नाही.